आधी थोडं जाळू या का?

मेसच्या टेबलावर हा विषय काढला तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. "वणवा लागू नये म्हणून आग लावायची?" होय, अगदी तेच म्हणायचंय! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं. मुद्दा मात्र पक्का आहे.)

बेलपाड्यात राहणाऱ्यांना खारघरचा डोंगर काय सांगायचा? पावसाळ्यात हिरवागार, पांडवकडा, फोटोच फोटो. दिवाळीनंतर तेच गवत वाळून उभं राहतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री डोंगरावर लाल माळ दिसते. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर राख. आपल्याला एक कपडा पुन्हा धुवावा लागतो, पण पावसाळ्यात लावलेली रोपं मात्र जळून जातात. हे वणवे बहुतेक माणसांमुळेच लागतात. विडीचं थोटूक, पार्टीचा जाळ, नाहीतर नुसती मस्ती.

आता थोडं इंजिनिअरिंग. आगीला जळण, ऑक्सिजन आणि उष्णता लागते. डोंगरावरचा ऑक्सिजन काढता येत नाही, प्रत्येक ठिणगी पकडता येत नाही. हातात राहतं ते जळण. चढावर आग पळते, दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट असा ठोकताळा आहे. म्हणून गवतात थोडी ओल असताना, सकाळी, वारा पडलेला असताना, वरून खाली एक पट्टी जाळायची. पुढे मार्चमध्ये आग तिथे पोचली की तिला खायला काही उरत नाही. वनखातं याला जाळरेषा म्हणतं. आपल्याकडे वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याआधी हे काम उरकायचं असतं. काझीरंगात तर दरवर्षी गवत ठरवून जाळतात.

मेसच्या मावशींना हे समजावलं तर त्या हसल्या. "पोरी, आम्ही राब भाजायचो तेव्हा आधी कडेचं साफ करायचो, मग काडी. यात शिकायचं काय?" भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळताना गावाला जे कळत होतं, ते आपण सेमिनारमध्ये ऐकतो!

मग अडतं कुठे? १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा. ते बरोबरच आहे. पण शहराला लागून असलेल्या डोंगरावर कुठे वनखात्याची जमीन, कुठे सिडकोची, कुठे महसूलची. आगीला हद्द कळत नाही, फाइलला मात्र कळते. शिवाय वणवा लागला तर दोष 'अज्ञात इसमा'चा, पण ठरवून लावलेली आग सुटली तर खाली सही असते. कोण करेल ती सही? ही भीती खोटी नाही. २०२२ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये सरकारी खात्याने ठरवून लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि सव्वातीन लाखांहून जास्त एकर जळलं. तरी तिथे हे काम बंद झालं नाही, ९० दिवस थांबवून नियम तपासले. कॅलिफोर्नियाने तर २०२१ मध्ये कायदा करून, प्रशिक्षित माणसाने काळजीपूर्वक लावलेली आग सुटली तर विझवण्याचा खर्च त्याच्या माथी मारायचा नाही, असं ठरवलं.

सरसकट डोंगर जाळा असं मी म्हणत नाही. दरवर्षी सगळं जाळलं तर कोवळी झाडं मरतात आणि नुसतं गवतच माजतं. पट्ट्याच हव्यात, त्याही वनखात्याच्या माणसांनी लावलेल्या. (कोणी हे वाचून काडेपेटी घेऊन निघू नका, प्लीज!)

वाट आहे. वणव्यांसाठी २०१८ चा राष्ट्रीय कृती आराखडा आहे. उपग्रहाने आग टिपली की मोबाइलवर मेसेज येतो, त्याची नोंदणी कोणीही करू शकतं. सिव्हिलवाल्यांनी डोंगराचे चढ आणि हद्दी नकाशावर घ्याव्यात, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी वारा-आर्द्रता मोजणारं यंत्र गच्चीवर बसवावं. हे सगळं घेऊन वनखात्याकडे अर्ज नोव्हेंबरमध्येच जायला हवा, कारण डिसेंबरात आपली सबमिशन्स आणि जानेवारीत गवत कडक वाळलेलं.