कचेरीतील जातपंचनामा



भंडारा जिल्ह्यात आपल्या माणसाला नोकरी लागली, की घरी पेढे वाटले जातात आणि कचेरीत त्याची चौकशी सुरू होते. हजेरीपटावरची त्याची पहिली सही वाळण्याच्या आत शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, "मेश्राम का? कोणते मेश्राम?" आपल्या भागात मेश्राम गोंडांत आहेत आणि बौद्धांतही आहेत, हे विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून नुसत्या आडनावाने त्याचे समाधान होत नाही. मग गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, घरी देव कोणते, अशा पायऱ्या उतरत उतरत तो आपल्या मुक्कामाला पोचतो. मुक्काम सापडला, की चौकशी संपते. नव्या माणसाचा हिशेब कसा आहे, मसुदा कसा आहे, नियमांचे ज्ञान किती आहे, यांपैकी एकही गोष्ट विचारावी असे त्याला वाटत नाही. त्याला हवे ते कळलेले असते आणि उरलेले सारे त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

काय ठरवलेले असते? हा कोट्यातून आला, म्हणून याला काम येणार नाही. हा 'जय भीम' म्हणतो, म्हणून हा भांडखोर असणार. हा सत्यनारायणाच्या प्रसादाला हात लावीत नाही, म्हणून हा कडवा. याच्याशी जपून बोला, नाहीतर ॲट्रॉसिटी लावील. आणि त्याचे काम चोख निघाले, वागणे सौम्य निघाले, तर हा ठराव मागे घेतला जातो काय? मुळीच नाही. तेव्हा सहकारी प्रसन्न मुद्रेने म्हणतो, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!" या वाक्याला आपल्यातील पुष्कळ जण स्तुती समजतात. ती स्तुती नव्हे. ते वाक्य एका माणसाला माफी देऊन त्याच्या साऱ्या समाजावरचा आरोप कायम ठेवते. ते हसून स्वीकारणारा आपल्या आईवडिलांवरील आरोपपत्रावर स्वतःची सही करीत असतो.

या वागणुकीवर आपल्याला तीन उपदेश केले जातात. काही परके करतात. काही, दुर्दैवाने, आपलेच वडीलधारे करतात. त्या तिन्हींचा समाचार घेणे अवश्य आहे.

पहिला उपदेश असा : मनावर घेऊ नका, बोलणारा गमतीने बोलतो. गंमत गमतीपुरती राहिली असती, तर आम्हीही हसून सोडून दिली असती. परंतु आज चहाच्या वेळी झालेली गंमत उद्या गोपनीय अहवालात शेरा होऊन उतरते. जबाबदारीचे टेबल कोणाला द्यावयाचे, प्रशिक्षणाला कोणाला धाडावयाचे, हे त्या गमतीतूनच ठरत जाते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. विणकाम खात्यात पगार अधिक होता. पण तेथे अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावण्यास तयार नव्हता. ही बंदी टिकवून धरणारा मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगारबंधू होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी दुसरे उदाहरण दिले. अस्पृश्य मनुष्य रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामे करवून घेतो आणि अस्पृश्य त्याला घरात चालत नाही. पाहा, एका माणसाच्या स्वयंपाकघरातील समजुतीने दुसऱ्या माणसाची बढती अडली! ज्या समजुतीमुळे पगार अडतो तिला गंमत म्हणावे काय?

दुसरा उपदेश अधिक गोड आहे : शब्दांनी भांडू नका, कामाने तोंड बंद करा, इतरांच्या दुप्पट राबा, मग कोण बोलेल? काम उत्तम करावे, यात वाद नाही. कामाचा पगार आपण घेतो. पण उत्तम कामाने पूर्वग्रह मरतो, हे विधान खोटे आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. कोलंबिया आणि लंडन येथे अध्ययन करून १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत, प्यावयास पाणी मिळत नसे आणि शहरात राहावयास घर मिळेना. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तेथे त्यांचे शिकवणे ऐकावयास विद्यार्थी गर्दी करीत; पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सुशिक्षित सहकाऱ्यांनीच घेतला. विद्वत्तेने पूर्वग्रह नष्ट होत असता, तर तो बडोद्याच्या त्या कचेरीतच नष्ट झाला असता. बाबासाहेबांहून अधिक शिकून दाखवा, अशी अट आता भंडाऱ्याच्या कारकुनाला घालावयाची काय? चुकण्याचा साधा हक्कही त्याला ठेवावयाचा नाही काय? दुसऱ्याची चूक ही त्या एकट्याची चूक ठरते. आपल्या मुलाची चूक मात्र साऱ्या समाजाची चूक ठरते. हा हिशेबच मुळात खोटा आहे. खोट्या हिशेबाची बाकी दुप्पट राबून फेडता येत नाही.

तिसरा उपदेश कुजबुजत केला जातो : सांगता कशाला? आडनाव बदला, टेबलावर तसबीर ठेवू नका, 'जय भीम' घरी म्हणा. अशा माणसाची अडचण आम्ही जाणतो. परगावी भाड्याची खोली मिळेना म्हणून कोणी गप्प राहिला, तर त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. परंतु ही युक्ती धर्म म्हणून शिकवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली ती उघड्या मैदानावर, दिवसाउजेडी घेतली. जो धम्म उजेडात स्वीकारला तो कचेरीत टेबलाखाली ठेवावयाचा, तर दीक्षा घेऊन आपण मिळविले काय? लपविणारा मनुष्य रोज दहा वेळा स्वतःला सांगत असतो, की आपल्यात लपविण्याजोगे काहीतरी आहे. पूर्वग्रहालाही नेमके हेच म्हणावयाचे आहे.

आता एका टोमण्याविषयी, कारण नवदीक्षितांना तो हटकून ऐकावा लागतो : "धर्म बदललात, मग सवलती का सोडल्या नाहीत?" याला उत्तर शांतपणे द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मापुरता होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश संसदेने कायदा करून केला. का केला? धर्म बदलला तरी शेजाऱ्याची नजर बदलत नाही, हे उघड दिसत होते म्हणून. जो सहकारी बौद्ध माणसाला पाहताच त्याची जुनी जात हुडकून काढतो आणि लगेच विचारतो की जात गेली तर सवलत कशाला, तो आपल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देत असतो. त्याची नजर हाच त्या कायद्याचा आधार आहे!

मग करावे काय? सांगण्यासारखे आहे ते सोपे आहे. कोणी "कोणते मेश्राम?" असे विचारले, तर आवाज न उतरविता "बौद्ध" म्हणावे आणि कामाला लागावे. जो प्रश्न इतरांना विचारला जात नाही, तो सभ्यपणे परत करावा : "हे आपण सर्वांना विचारता काय?" "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही" असे कोणी म्हटले, तर "मी त्यांच्यातलाच आहे, आपली समजूत चुकीची होती" एवढे एकच वाक्य बोलावे. यात रागाचे कारण नाही आणि आर्जवाचेही नाही. आपण सज्जन आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्या डोक्यावर घेऊ नये. समजूत ज्याची, पुराव्याची जबाबदारीही त्याचीच.

बोलणे अपमानावर गेले, तर मात्र वहीत नोंद झालीच पाहिजे : तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावे. मग कार्यालयप्रमुखाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. संविधानाच्या कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली आहे आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे दोन्ही आपल्या पाठीशी आहेत. परंतु १९८९ च्या कायद्यातील अपमानाच्या कलमासाठी तो लोकांदेखत झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचा कोणी हजर नसताना बोललेले शब्द त्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडातील एका प्रकरणात म्हटले. म्हणून साक्षीदारांचे महत्त्व आहे.

नोंदीचे मोल आपल्या जिल्ह्याला तरी सांगावे लागू नये. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. कचेरीतील टोमणा आणि ते हत्याकांड यांना एका तराजूत घालणे अनुचित होय. तरी एक धडा घ्यावाच लागतो. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल दोषी ठरविले, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध मानला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो मानला नाही. गावाला जे ठाऊक असते ते न्यायालयापुढे आपोआप उभे राहत नाही. जातीचा द्वेष कागदावर आला नाही, तर तो नव्हताच असे धरले जाते. आणि हा प्रश्न आता आपल्या देशापुरता उरलेला नाही. आपली माणसे समुद्रापार गेली तेथे ही चौकशीही त्यांच्यामागून गेली. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराला नोकरीतील जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

एक कडू गोष्ट आपल्यालाही सांगितली पाहिजे. मातंग सहकाऱ्याविषयी, गोंड शिपायाविषयी, मुसलमान चालकाविषयी आपल्या तोंडी आडनावावरून काढलेले निष्कर्ष नसतात काय? मेहतर समाजातून दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला विहारात आपण कोणत्या रांगेत बसवितो? तोच प्रश्न आपण दुसऱ्याला विचारणार असू, तर तो आपल्याला विचारणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपण गमावतो.

भगवंतांच्या संघात हा प्रश्न कसा सोडविला गेला, ते ध्यानात ठेवा. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली, की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करावे लागून आमचा कुलाभिमान गळून पडेल. तसेच झाले. संघात ज्येष्ठता प्रव्रज्येच्या क्रमाने ठरे, जन्माने नव्हे. कालचा न्हावी पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ ज्ञाता झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्यानेच केले. ध्यानात घ्या, उपालीने आपण इतर न्हाव्यांसारखे नाही असे सिद्ध करून दाखविले नाही. वाकावे लागले ते राजपुत्रांच्या अभिमानाला.

बंधूंनो, भगिनींनो, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत असा, तुमसरकडील मँगनीजच्या खाणीत असा, शाळेत असा वा जिल्हा परिषदेत असा, ताठ मानेने जा. आपले काम नीट करा, आपले नाव पूर्ण सांगा आणि ज्याची समजूत खोटी त्याला ती दुरुस्त करावयास लावा. तो दुरुस्त करील वा न करील, ते त्याचे शील. आपली मान त्याच्या समजुतीपुढे वाकणार नाही, हे आपले शील.

जय भीम! नमो बुद्धाय!