तक्ता कोणी आखला?

गेल्या महिन्यात एक जुने शिक्षक-मित्र घरी आले, ते हातात दोनशे पानी वही घेऊनच. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. आयुष्यभर आधी सायकल, मग स्कूटर आणि लांबच्या प्रवासाला एस.टी. एवढ्यावर त्यांचे भागले. आता पत्नीचे गुडघे दुखतात, दर दोन महिन्यांनी तिला पुण्याला दवाखान्यात न्यावे लागते आणि तालुक्याच्या स्थानकावर गर्दीत शिरून जागा धरणे दोघांनाही झेपत नाही. तेव्हा मोटार घ्यावयाची हे ठरले. कोणती, एवढाच प्रश्न होता. बाजारात ज्यांना ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात अशा सहा मोटारींचा तक्ता त्यांनी वहीत आखला होता : नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ आणि कायलॅक. सहा रकाने, अडतीस ओळी. ‘‘यातली कोणती घेऊ, तेवढे सांगा,’’ ते म्हणाले. मी तक्ता दोनदा वाचला. उत्तराऐवजी मनात प्रश्नच उभा राहिला : हा तक्ता आखला कोणी?

अक्षर गुरुजींचे होते, यात शंका नाही. पण ओळी त्यांच्या नव्हत्या. छतातील काचेची खिडकी, पडद्याचा आकार, आतील दिव्यांचे रंग, चाकांची तबकडी, आवाजाने ऐकणारे यंत्र, या सर्व ओळी कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून जशाच्या तशा वहीत उतरल्या होत्या. गुडघ्याची ओळ त्यात नव्हती. पुण्याचा दवाखाना नव्हता. दरमहा येणारे निवृत्तिवेतनही नव्हते. विकणाऱ्याने स्वतःला सोयीचे प्रश्न ठरवून दिले होते आणि घेणारा मोठ्या प्रामाणिकपणे त्यांची उत्तरे जमवीत होता.

आपल्या मंडळींत मोटारखरेदीची चर्चा गौण मानण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाचा घराखालोखाल सर्वांत मोठा खर्च हाच असतो आणि तो बहुधा कर्ज काढून होतो. ज्या काळात अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड याखेरीज काही मिळतच नव्हते, तेव्हा निवडीचा प्रश्न नव्हता. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती होते. आज निवड आहे. ती डोळसपणे करणे हा नागरिकाच्या शहाणपणाचा भाग आहे, चैनीचा नव्हे.

प्रथम ही जात जन्मली कशी ते पाहू. गुरुजींच्या तक्त्यात लांबीची ओळ होती : पाच मोटारी ३,९९५ मिलिमीटर, सहावी ३,९९०. सहा निरनिराळ्या कारखान्यांच्या अभियंत्यांना एकच लांबी सुचावी हा योगायोग कसा? याचे उत्तर कारखान्यात सापडत नाही, अर्थमंत्र्यांच्या कागदात सापडते. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले आणि लहान मोटारीची व्याख्या ठरली : लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत. हेतू साध्या, काटकसरी मोटारीला उत्तेजन देण्याचा होता. पण कायद्याने लांबी मोजली. उंची, रुंदी आणि वजन मोजले नाही. मग उद्योगाने उंच, रुंद, जड गाडी चार मीटरांच्या चौकटीत कोंबून बसविली. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन आणि पुढे रीघच लागली.

ती व्याख्या आजही जिवंत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या मोटारीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारीवर ४० टक्के. सात लाख रुपये मूळ किमतीच्या गाडीवर या दोहोंतील फरक १ लाख ५४ हजारांचा होतो. ब्रेझा लांबीने चार मीटरांच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे, म्हणून तिच्यावर ४० टक्के. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे, म्हणून तिच्यावर १८ टक्के. दोन गाड्यांच्या किमती शेजारी मांडताना त्यातला किती पैसा लोखंडाचा आणि किती सरकारचा, हे पाहिल्याशिवाय कोणती गाडी मोबदला अधिक देते ते कळणार नाही. गुरुजींच्या तक्त्यात ही ओळ नव्हती.

दुसरी गोष्ट नावाची. ‘एसयूव्ही’ म्हटले की डोंगर, चिखल, ओढा डोळ्यांपुढे येतो; जाहिरातीत तसेच दाखवितात. वस्तुस्थिती अशी की या सहाही मोटारींत इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. चिखलात रुतल्यावर त्या साध्या मोटारीइतक्याच असहाय. खरा फरक आहे तो जमिनीपासूनच्या उंचीचा : नेक्सॉन २०८ मिलिमीटर, थ्रीएक्सओ २०१, ब्रेझा १९८, कायलॅक १८९, आणि स्विफ्टसारख्या साध्या मोटारीची १६३. म्हणजे एक ते पावणेदोन इंचांचा हा फरक. आपल्या खेड्यांतील रस्ते आणि शहरांतील बेकायदा गतिरोधक पाहता तो निरर्थक नाही. उंच आसनाचा लाभही खरा आहे. ज्याचे गुडघे दुखतात त्याला खाली वाकून बसावे लागत नाही. गुरुजींच्या बाबतीत तर हेच सर्वांत सबळ कारण ठरते. पण मग ते कागदावर न ताडता पत्नीला शोरूममध्ये नेऊन, प्रत्येक गाडीत चारदा चढा-उतरायला लावून ताडले पाहिजे. हे त्यांनी एकदाही केले नव्हते.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. येथे ग्राहकाला खरोखर काही मिळाले आहे आणि ते मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या मोटारीला तसे मिळण्याची ती पहिली वेळ. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. तीत नेक्सॉन, थ्रीएक्सओ आणि कायलॅक यांनी पाच तारे मिळविले आहेत. तथापि तारे मोजताना तीन पथ्ये पाळावीत. एक : चाचणी कोणत्या साली, कोणत्या नियमांनी झाली ते पाहावे. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये आपले नियम कडक केले. ब्रेझाचे २०१८ चे चार तारे पहिल्या पिढीच्या गाडीचे आहेत. २०२२ साली आलेल्या नव्या गाडीला ते चिकटविता येत नाहीत. दोन : भारत एनकॅप ऐच्छिक आहे, कंपनीने गाडी पाठविली तरच चाचणी होते. तेव्हा ताऱ्यांचा रकाना रिकामा दिसला तर विक्रेत्याला कारण विचारावे. तीन : समोरून होणारी धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा १२० आहे. ६४ ला मिळालेले तारे १२० ला कामास येतील अशा भ्रमात कोणी राहू नये. तेथे पट्टा आणि संयम हेच रक्षक. मागच्या आसनावर बसणाऱ्यानेही पट्टा लावावा, ही तारे नसलेली सुरक्षितता फुकट मिळते.

आता पैशाचा हिशेब. विक्रेता एक्स-शोरूम किंमत सांगतो आणि हप्ता सांगतो. मधले सगळे गिळतो. महाराष्ट्रात खाजगी पेट्रोल मोटारीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के नोंदणीचा कर आहे. डिझेलला तोच १३ आणि १४ टक्के. त्यावर विमा आला. म्हणून सहाही गाड्यांची रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत लेखी मागावी आणि तीच तक्त्यात लिहावी. कर्जाचेही तसेच. आठ लाख रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांकरिता घेतले तर हप्ता १२,९०० च्या आसपास आणि एकूण व्याज २ लाख ८१ हजार. तेच पाच वर्षांकरिता घेतले तर हप्ता १६,६०० आणि व्याज १ लाख ९६ हजार. लहान हप्त्याच्या गोडव्यापायी माणूस ८५ हजार रुपये अधिक मोजतो. त्याहून मोठा सापळा ‘‘हप्त्यात फक्त दीड हजार वाढवा, वरचे मॉडेल घ्या’’ या वाक्यात आहे. त्या दीड हजारांची सात वर्षांची बेरीज सव्वा लाख होते आणि बदल्यात बहुधा मिळते ती छतातील खिडकी.

डिझेल घ्यावे की पेट्रोल? गुरुजींचा प्रवास वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या वर जाणार नाही. पेट्रोल शंभर रुपये, डिझेल नव्वद रुपये लिटर धरू. पेट्रोलची गाडी लिटरला १५ आणि डिझेलची २० किलोमीटर जाते असे धरू. वर्षाचे पेट्रोल चाळीस हजारांचे, डिझेल सत्तावीस हजारांचे. बचत तेरा हजार. डिझेलची गाडी लाख रुपयांनी महाग असेल तर ती रक्कम फिटायलाच पावणेआठ वर्षे लागतात. प्रवास कमी असणाऱ्याने डिझेलच्या मागे लागू नये, हे सांगायला एवढे चार आकडे पुरतात. माहितीपत्रकातील अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेतील असते. त्यातून चौथा हिस्सा वजा करून हिशेब केला म्हणजे पुढे पस्तावण्याची वेळ येत नाही.

एक ओळ मात्र कोणाच्याच तक्त्यात नसते : गाडीबाहेरच्या माणसाची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी. ताऱ्यांची मोजदाद मुख्यतः आत बसलेल्यांसाठी आहे. जे मरतात त्यांतले बहुतेक बाहेर आहेत. गाडीचे नाक जितके उंच आणि उभे, तितका पायी माणसाला धोका अधिक. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच नाकाच्या गाड्यांखाली सापडलेला पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. आपल्या या सहा गाड्या त्या अमेरिकन धुडांएवढ्या नाहीत. परंतु दिशा तीच आहे. गाडी घेणाऱ्याने चालकाच्या जागी बसून पुढे साताठ वर्षांचे मूल उभे करावे आणि ते किती अंतरावर दिसू लागते ते पाहावे. शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागली नाही. त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली.

आणि शेवटी एक ओळ सरकारच्या तक्त्यातली. २०२४-२५ मध्ये देशात खपलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारींपैकी जवळजवळ २८ लाख या उंच ‘युटिलिटी’ वर्गातल्या होत्या. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात बसवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्याचा अर्थ असाही होतो की पन्नास माणसांना नेणारी बस आणि पाच माणसांची चार मीटरी मोटार आज कराच्या एकाच पंगतीत बसल्या आहेत. लांबी मोजणारा कायदा माणसे मोजत नाही. गुरुजींना मोटार घ्यावी लागते आहे ती हौसेने नव्हे. गुडघे दुखणाऱ्या बाईला बसावयास जागा देणारी, वेळेवर सुटणारी गाडी त्यांच्या गावाहून नाही म्हणून. बसची मागणी करणाऱ्याने मोटार घेऊ नये असा आग्रह मी धरणार नाही. मोटार घेतल्यावर बसची मागणी विसरू नये, एवढा मात्र धरीन.

परवा गुरुजींचा फोन आला. जुने पान त्यांनी फाडले. नव्या तक्त्यात आठच ओळी आहेत : चढणे-उतरणे, तारे व त्यांचे साल, पूर्ण किंमत, पाच वर्षांचा हप्ता, वर्षाचे इंधन, जवळचे दुरुस्तीचे केंद्र, समोर उभे असलेले मूल दिसणे आणि वरच्या मॉडेलवाचून अडते काय. सहांपैकी दोनच गाड्या उरल्या आहेत. रविवारी दोघे शोरूममध्ये जाणार आहेत आणि निर्णय पत्नीने करावयाचा, असे ठरले आहे.