आधी साधी घे, मग बघू!

गेल्या वीकांताला मालगुंडला ताईकडे गेलो होतो. नववीतल्या भाच्याने जेवताना बॉम्ब टाकला, "मामा, मला इलेक्ट्रिक गिटार हवी." झालं! भावोजींचा घास हातातच राहिला. "आधी साधी घे. सहा महिने वाजवून दाखव, मग बघू," इति भावोजी. "पेटी शीक, भजनाला तरी उपयोगी पडेल," इति अण्णा (ताईचे सासरे). आणि "लाइट गेले तर काय वाजवणार?" इति ताई. मालगुंडच्या पावसात हा प्रश्न अगदीच विनोदी नाही.

तर मंडळी, आजची पोस्ट 'आधी साधी घे' या वाक्याविरुद्ध आहे. कारण या वाक्याने माझी दहा वर्षं खाल्ली.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मीही 'साधी'च घेतली होती, दोन हजारवाली, लाकडी पोटाची. बाराव्या पट्टीपाशी तार पट्टीपासून चांगली चार मिलिमीटर वर. तार दाबता दाबता बोटांना फोड आले, तरी एफ कॉर्ड काही वाजेना. तीन महिन्यांत गिटार कपाटावर गेली आणि 'आपल्याला कानच नाही' हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. दहा वर्षांनी एका सहकाऱ्याने त्याची इलेक्ट्रिक हातात दिली. तोच एफ दाबला... आणि वाजला की हो! कान होता. वाद्य भिकार होतं.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय आपल्या जातीला पटत नाही. लांबी आणि सूर तेच ठेवले तर साध्या पोलादी तारेचा ताण तिच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. इलेक्ट्रिकवर सर्रास वापरली जाणारी सर्वात बारीक तार ०.००९ इंचाची, पोलादी तारांच्या अकूस्टिकवर बहुतेक वेळा ०.०१२ ची. बारा भागिले नऊ, त्याचा वर्ग करा : १.७८. म्हणजे त्याच सुरासाठी पाऊणपटीहून जास्त ताण! आणि तो आपण कोणाच्या बोटांवर टाकतो? ज्याने काल सुरुवात केली त्याच्या. मग 'साधी' कुठली आणि अवघड कुठली?

ताईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बहुतेक साध्या इलेक्ट्रिक गिटारींना स्वतःला वीज लागतच नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवतीचं तारेचं वेटोळं, बारावीच्या फिजिक्समधला फॅरडे. वीज लागते अँपला. लाइट गेले तर नुसती वाजवा, सरावापुरतं ऐकू येतं. रात्री अकराला शेजाऱ्यांची झोप न मोडता सराव होतो हा वरचा बोनस.

अण्णांचा मुद्दा नाजूक होता, कारण त्यात 'आपलं' आणि 'परकं' होतं. पण अण्णा, तुमची पेटी तरी कुठली? ती युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आज तिच्याशिवाय भजन उभं राहत नाही. आणि हे तुम्ही कुठे बसून बोलताय? मालगुंडात! सुनीत हा परका काव्यप्रकार ज्याने मराठीत आणला, त्या केशवसुतांच्या गावात. खिन्न माणसाला रात्री कानावर पडलेलं वाद्य कसं सावरतं, यावर 'सतारीचे बोल' लिहिणारा कवी हाच. पोराला वाद्य हवंय म्हटल्यावर निदान या गावाने तरी नाक मुरडू नये. (अण्णा यावर हसले. होकार मात्र दिला नाही.)

आता दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा : अणकुचीदार शिंगांची, तरंगत्या ब्रिजची गिटार. भाच्याला तीच हवी होती. तरंगत्या ब्रिजवर तारा आणि स्प्रिंगा यांचा तोल असतो. एक तार तुटली की बाकी सगळ्या बेसूर. शिकाऊ पोराचा अर्धा वेळ सूर लावण्यातच जाणार. त्याला मी टेलिकास्टर दाखवली. १९५१ पासून रचना तीच : स्थिर ब्रिज, दोन पिकअप, दोन खुंट्या, एक स्विच, स्क्रूने जोडलेली मान. ती बनवणारा लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! चांगलं डिझाइन असं असतं.

तेव्हा स्थिर ब्रिजची साधी इलेक्ट्रिक घ्या, ओळखीच्या कंपनीची, जमलं तर सेकंडहँड. बाराव्या पट्टीला तार दोनेक मिलिमीटरवर हवी. तिथला हार्मोनिक आणि दाबून वाजवलेला सूर फुकटच्या ट्यूनर अ‍ॅपवर एकच दिसला पाहिजे. हेडफोन लावता येईल असा छोटा अँप घ्या. पट्टा-पिशवी-पुस्तकासकट 'सगळं एकात' मिळणाऱ्या स्वस्त खोक्यापेक्षा तेच पैसे जाणकाराकडून सेटअप करून घेण्यात घाला. आणि समुद्राकाठी राहत असाल तर वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. खारी हवा त्यांना सोडत नाही.

हं, पोराला गातागाता कॉर्ड वाजवायचे असतील तर अकूस्टिकच घ्या, माझी हरकत नाही. नायलॉनच्या तारांची तर बोटांनाही मऊ असते. पण त्याच्या कानात जो आवाज घुमतोय तो सोडून भलताच आवाज हातात द्यायचा, आणि मग 'बघ, टिकला नाहीस' म्हणायचं, ही परीक्षा नाही, सापळा आहे. वाद्याचा दोष पोराच्या माथी मारला की तो तिथून सहजासहजी निघत नाही. माझा निघायला दहा वर्षं लागली.

निघताना भावोजी म्हणाले, "निम्मे पैसे तू घाल." घातले. कपाटावरच्या त्या डबड्यापेक्षा स्वस्तच पडले म्हणायचे. असो, उद्या सोमवार :(