तुमच्या पाठीशी कोण कोण आहे?

मुलांनो,

सहामाही परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागलं की आमच्या अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांत आणखी एक तयारी सुरू होते. मुकादमाच्या चकरा वाढतात. टायरगाडीची चाकं तपासली जातात. कोयत्यांना धार लावली जाते. दसरा झाला, दिवाळी आली की भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या असं सगळं घर गाडीत भरून माणसं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. ऊस तोडायला! परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी.

शहरातल्या माझ्या दोस्तांना यातले काही शब्द नवे असतील. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. कामाला जाण्याआधीच मुकादमाकडून घेतलेले पैसे म्हणजे 'उचल'. आणि कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ राहायला पाचटाची, ताडपत्रीची जी झोपडी बांधतात ती 'कोपी'. उचल घेतलेली असते, म्हणून जावंच लागतं. आजारपण असो, पोराची शाळा असो, सांगणार कुणाला?

मग वर्गातला एक बाक रिकामा होतो. कधी दोन, कधी पाच. त्या बाकावरची मुलगी कोपीत काय करते, माहीत आहे? पहाटे आई-बाप फडात गेले की धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. मार्चमध्ये ती परत येते तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर पोहोचलेला असतो आणि ती अजून हातच्याच्या वजाबाकीवर. असं दोन-तीन वर्षं झालं की एक दिवस ती म्हणते, "बाई, मला काहीच येत नाही." आणि शाळा सुटते ती कायमची.

थोडी मोठी मुलगी असेल तर आई-बापापुढे वेगळाच प्रश्न. हिला सोबत न्यावं तर कोपीला दार नाही. मागं ठेवावं तर कुणाच्या भरवशावर? मग लग्न उरकून टाकतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर तरुणींमागे चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. वाचून वाईट वाटलं ना? मलाही वाटतं. पण या आई-बापांना लेक नकोशी नसते, बरं का. त्यांना भीती वाटत असते. मागं राहिलेल्या लेकराला कोण पाहील, ही ती भीती.

म्हणून आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू या. मागं राहिलेल्या लेकराच्या पाठीशी कोण आहे?

सगळ्यात जवळचं दार तुमच्या शाळेचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी 'हंगामी वसतिगृह' नावाची सोय आहे. आई-बाप कामावर जातात, मूल गावातच आजी-आजोबांपाशी राहतं आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. पैसा शासन देतं, देखरेख शाळा व्यवस्थापन समिती करते. पण एक अट आहे हं. गाडी निघण्याआधी नावं कळायला हवीत! किती मुलं मागं राहणार हे शाळेला ठाऊकच नसेल, तर पुढं मागणी कशी पाठवणार?

आणि मूल आई-बापासोबत गेलंच तर? तर निघताना शाळेतून 'शिक्षण हमी पत्रक' मागून घ्यायचं. हे मूल कितवीत आहे, त्याला काय काय येतं, ते त्यावर लिहिलेलं असतं. ते दाखवून जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. दाखला आणला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा परत पाठवू शकत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं तशी सोय करून ठेवली आहे.

याशिवाय खास ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनानं २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहांची योजना मंजूर केली. मुलांसाठी वेगळं, मुलींसाठी वेगळं. आपल्या तालुक्यातलं वसतिगृह कुठं आहे, जागा आहे का, याची चौकशी समाजकल्याण विभागात करायची.

शासनाच्या आधी आणि शासनाच्या बरोबरीनं काही माणसंही उभी राहिली. आपल्या अंबाजोगाईतलंच उदाहरण घ्या. डॉ. द्वारकादास लोहिया हे पेशानं डॉक्टर. आणीबाणीत ते तुरुंगात होते. बाहेर आल्यावर नुसता दवाखाना चालवून त्यांचं मन भरेना. १९८२ साली त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन 'मानवलोक' ही संस्था सुरू केली. मराठवाडा नवनिर्माण लोकायत, हे तिचं पूर्ण नाव. पाणी अडवणं, शेती सुधारणं अशी कामं तिनं केलीच. पण आज मला तुम्हाला तिचं दुसरं एक काम सांगायचं आहे. सगळं गाव ऊसतोडीला गेलं की मागं कोण उरतं? थकलेली म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी मानवलोकनं गावांमध्ये सामूहिक स्वयंपाकघरं सुरू केली. चुलीपुढं बसवत नाही अशा आजीला गरम जेवण मिळू लागलं. आता विचार करा, आजीच उपाशी असेल तर ती नातवाला काय सांभाळणार? आजीच्या ताटाचा नातवाच्या शाळेशी संबंध असतो तो असा.

शैलाताई लोहिया याच गावात मराठीच्या प्राध्यापिका होत्या, लेखिका होत्या. घरातून हाकललेल्या, मारहाण सोसणाऱ्या बायकांना उभं राहता यावं म्हणून त्यांनी 'मनस्विनी' हा प्रकल्प उभा केला. २०१३ साली शैलाताई गेल्या. पण अडचणीतल्या बाईनं जायचं कुठं, या प्रश्नाला त्यांनी आपल्या गावात एक पत्ता मिळवून दिला.

बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी गावी, 'शांतिवन' आहे. दीपक नागरगोजे यांनी २००० साली ते सुरू केलं, ऊसतोड कामगारांच्या आणि आधार तुटलेल्या मुलांसाठी. तिथं राहून मुलं शिकतात.

आता एक नंबर पाठ करा पाहू. १०९८! दहा, नऊ, आठ. उलटे अंक मोजले की झालं. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी ही फोनसेवा सुरू केली, तीच पुढं देशभर पोहोचली. २०२३ पासून ती शासनच चालवतं. रात्री दोन वाजता केला तरी फोन उचलला जातो, आणि पैसे पडत नाहीत. कुणी मारतंय, कुणी कामाला जुंपलंय, मैत्रिणीचं लग्न ठरवलंय, कुणाचा स्पर्श नकोसा वाटतोय, अशा वेळी हा नंबर फिरवायचा. स्वतःसाठी किंवा दुसऱ्या मुलासाठीसुद्धा.

दादा-ताई मंडळींनी आणखी एक नंबर लिहून ठेवावा. १४४१६. परीक्षेची धास्ती, झोप न लागणं, सगळं नकोसं वाटणं, असं काही होत असेल तर या नंबरवर मन मोकळं करता येतं. 'टेलिमानस' नावाची ही मोफत सेवा २०२२ साली सुरू झाली. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच ना? मनाचंही तसंच आहे.

हे सगळं वर्गात सांगून झाल्यावर मी एकदा विचारलं, "मदत कोण घेतं?" सगळे एका सुरात म्हणाले, "गरीब!" मग मी विचारलं, "अंगणवाडीत लस कुणी टोचून घेतली?" सगळे हात वर. "शाळेतली खिचडी कोण खातं?" पुन्हा हात वर. "एसटीचा मोफत पास कुणाकुणाकडे आहे?" खेड्यांवरून येणाऱ्या मोठ्या वर्गातल्या मुलींची नावं मुलांनीच घेतली. म्हणजे मदत आपण सगळेच घेतो की! फक्त तिला मदत म्हणत नाही इतकंच. मग मित्रानं वसतिगृहात नाव घातलं तर हसायचं कशाला?

आता आई-बाबांसाठी चार शब्द. घरातला कमावता माणूस गेला असेल, मूल एकट्या पालकाजवळ असेल, आई किंवा वडील मोठ्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले असतील, तर 'बालसंगोपन योजना' आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात, २०२३ साली ही रक्कम वाढवण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा असतो. कागदपत्रं जमवताना अडलं तर अंगणवाडीताईंना किंवा शाळेत विचारा. लाजू नका. आणि लेकीच्या लग्नाची घाई करण्याआधी एकदा वसतिगृहाची चौकशी करा. अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे. गावात ते रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे.

प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, असाही नियम आहे. सरपंच तिचे अध्यक्ष. गंमत म्हणजे तिच्यात मुलांचे प्रतिनिधीही घ्यायचे असतात. तुमच्या गावात कोण आहे प्रतिनिधी? नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. "लहान तोंडी मोठा घास" असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे!

बरं, या आठवड्याचं काम. वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहा. माझ्या शाळेतल्या कोणत्या बाई किंवा सर माझं ऐकून घेतात? अंगणवाडीताईंचं नाव काय? १०९८ आणि १४४१६ कशासाठी? आणि चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. माझ्या वर्गातलं कोण यंदा दिवाळीनंतर जाणार आहे? ते नाव तुमच्या बाईंना किंवा सरांना दसऱ्याआधी सांगा. कानात सांगितलं तरी चालेल. घरचे लोक सांगायला संकोचतात, आम्हा शिक्षकांना उशिरा कळतं. बाकावर शेजारी बसणाऱ्याला मात्र सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

काय काय कळलं ते मला पत्रानं नक्की कळवा. वाट पाहते.

तुमच्या,
बाई