तुमचं मराठी किती छान आहे!

इफ्तारला पंधरा मिनिटे होती. सोसायटीतल्या शेजारच्या काकू खजुरांचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांची सगळी नोकरी तुर्भ्याच्या बाजारात गेली, त्यामुळे यंदा कोणता खजूर चांगला आला आहे हे आमच्याआधी त्यांना कळते. सोबत त्यांची पाहुणी आलेली बहीण होती. दोन वाक्ये बोलून झाली आणि ती कौतुकाने म्हणाली, ''तुमचं मराठी किती छान आहे हो!''

मी हसून आभार मानले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण आपल्याच घरात राहणाऱ्या माणसाला कोणी 'तुम्ही या घरात किती छान वावरता' असे म्हणाले, तर तो काय उत्तर देणार? माझी आजी रायगड जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिला उर्दू वाचता येत नव्हते. ती कोकणी बोलीत भांडायची आणि त्याच बोलीत दुआ मागायची. पनवेल, तळोजा, उरण या भागात अशी कितीतरी मुस्लिम घरे आहेत आणि ती सिडकोच्या आराखड्यापेक्षा फार जुनी आहेत. उर्दू माझ्या आयुष्यात शाळेतून आली. मला दोन्ही भाषा माझ्या वाटतात आणि त्यांत निवड करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. ती वेळ आणतात ते इतर लोक.

परवा, २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन होता आणि त्याच दिवशी रमजानचा दुसरा जुम्माही आला. त्या निमित्ताने गेल्या वर्षीच्या एप्रिलमधल्या दोन लागोपाठच्या तारखा आठवल्या.

पहिली तारीख १५ एप्रिल २०२५. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर पाटी लागली होती. वर मराठी, खाली उर्दू. माजी नगरसेविकेने आक्षेप घेतला की, नगर परिषदेचा कारभार मराठीत, तर पाटीवर उर्दू कशाला? नगर परिषद, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ असा प्रवास करत हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी पाटीवरची उर्दू कायम ठेवली. स्थानिक संस्थांच्या राजभाषेसंबंधीचा महाराष्ट्राचा २०२२ चा कायदा मराठी अनिवार्य करतो, पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, हा निकालाचा कायदेशीर भाग. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीत जन्मली, हा त्यामागचा विचार.

पातूरच्या नगर परिषदेत उर्दूचा वापर १९५६ पासून होता, असेही या प्रकरणात समोर आले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ते हे दिवस. शाहीर अमर शेख मराठी राज्यासाठी डफावर थाप मारत महाराष्ट्र जागवत होते. त्या काळात पातूरच्या उर्दूमुळे मराठीला धोका आहे, असे त्यांना किंवा त्यांच्या श्रोत्यांना वाटले नसावे.

दुसरी तारीख १६ एप्रिल २०२५, म्हणजे निकालाचा दुसराच दिवस. राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाल्यावर जूनमध्ये शब्द थोडे सैल केले. तरीही लोक ऐकेनात, तेव्हा २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

त्या अडीच महिन्यांत महाराष्ट्राने एक चांगली गोष्ट ठामपणे सांगितली. भाषेचे प्रेम सरकारी आदेशाने उगवत नाही. आम्ही हिंदीच्या विरोधात नाही, सक्तीच्या विरोधात आहोत, असे आंदोलक पुन्हा पुन्हा सांगत होते. मला ते पटले. एवढीच विनंती आहे की, हाच न्याय पातूरच्या पाटीलाही लावावा. दिल्लीची भाषा आपल्यावर लादू नये, असे म्हणणाऱ्याने शेजाऱ्याची भाषा पाटीवरून पुसा असे म्हणू नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. खुद्द शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला, मग आज उर्दूचे लाड कशाला? कोश झाला हे खरे आणि तो योग्यच होता. त्या काळी फारसी ही दरबाराची आणि सत्तेची भाषा होती. रयतेला न कळणाऱ्या भाषेत कारभार चालू नये, हा त्यामागचा हेतू. आज पातूरच्या पाटीवरची उर्दू कोणत्या दरबाराची भाषा आहे? ती तिथल्या रयतेचीच आहे. लोकांना कळेल असे लिहावे, हे सूत्र तेव्हाही होते आणि आजही तेच आहे. आणि एवढे करूनही 'अर्ज', 'तारीख', 'वकील', 'जमीन', 'बाजार' हे शब्द मराठीत राहिलेच. 'फडणवीस' आणि 'चिटणीस' ही आडनावेही त्याच वाटेने आली. माधव जूलियन यांनी मराठीत गझल रुजवली, फारसी-मराठी कोश रचला आणि भाषाशुद्धीचा आग्रहही धरला. एका माणसात हे सगळे मावत होते. आपले मन त्याहून लहान का असावे?

दुकानांच्या मराठी पाट्यांबाबतही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितले. महाराष्ट्रात मराठी पाटी हवीच. वाशीतल्या दुकानदाराला त्यात त्रास वाटत असेल तर तो त्याने सोसावा. मराठी असलीच पाहिजे आणि उर्दू असली तरी चालेल, या दोन्ही गोष्टी एकाच न्यायालयाने सांगितल्या. त्यांत विरोध नाही.

'उर्दू म्हणजे मुसलमान' हे समीकरण तर आकडेवारीतही टिकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के आहेत आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे ६.७१ टक्के. उर्दू सांगणारे सगळे मुस्लिम धरले, तरी पन्नास लाखांहून जास्त मुस्लिमांनी दुसरी कोणती तरी भाषा आपली म्हणून नोंदवली आहे.

इथवर मी उर्दूची बाजू मांडली. आता मराठीची मांडते, कारण पाट्यांच्या भांडणात खरी झळ लागते ती एका वेगळ्याच ठिकाणी.

माझ्या वर्गात उर्दू माध्यमातून आलेली एक मुलगी होती. हुशार आणि धावण्यात पटाईत. तिने पोलीस भरतीचा अर्ज भरला. मैदानी चाचणीत ती चांगल्या गुणांनी पुढे गेली, लेखी परीक्षेत मागे पडली. परीक्षा मराठीतून आणि त्यात मराठी व्याकरणही. दहा वर्षे शाळेत मराठी हा विषय तिला होता. पण मराठीचे शिक्षक कधी असायचे, कधी नसायचे. मग दुसऱ्या विषयाचे शिक्षक धडा वाचून दाखवायचे आणि उत्तरे फळ्यावर लिहून द्यायचे. ती मला म्हणाली, ''मॅम, मला मराठी बोलता येतं. लिहायला घेतलं की घाबरते.''

२०२० च्या कायद्याने मराठी सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली. कायदा चांगला आहे. पण कायद्याने विषय मिळतो, शिक्षक मिळेलच असे नाही. उर्दू माध्यमाचे मूल आधीच उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकते, त्याही तीन वेगळ्या लिप्यांत, आणि त्यातली एक उजवीकडून डावीकडे. त्रिभाषा सूत्रावर एवढी चर्चा झाली, पण या मुलांना कोणी काही विचारले का?

दोष सगळा सरकारचा नाही. आमच्या समाजातही मराठीकडे पास होण्यापुरता विषय म्हणून पाहणारे पालक आहेत. उर्दूच्या नावाने सभा घेणारे पुढारी शाळेत मराठीचे शिक्षक आहेत का, हे विचारायला जात नाहीत. त्यांची स्वतःची मुले बहुतेक इंग्रजी माध्यमात असतात. मराठीचा झेंडा घेणाऱ्या अनेक पुढाऱ्यांचीही असतात. या बाबतीत दोघांचे अगदी एकमत आहे.

म्हणून मागणी साधी आहे. उर्दू शाळांत मराठीची रिक्त पदे आधी भरा. घरात मराठी न बोलणाऱ्या मुलाला मराठी कशी शिकवायची, याचे प्रशिक्षण शिक्षकांना द्या आणि त्याच्यासाठी वेगळे पाठ्यपुस्तक करा. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी महापालिकेच्या वाचनालयांत मराठी लेखनाचे वर्ग सुरू करा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या आनंदाचा एक वाटा या मुलांपर्यंतही पोहोचू द्या.

रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना. त्यातल्या सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची खूण मानली आहे. सूरह इब्राहीम सांगते की, प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेतच बोलला. ज्यांच्यात राहायचे त्यांची भाषा नीट आली पाहिजे, याला याहून मोठा आधार मला तरी माहीत नाही.

ती मुलगी यंदा पुन्हा परीक्षेला बसते आहे. सहरी झाली की तासभर मराठी व्याकरण सोडवते आणि चुकलेले प्रश्न मला मोबाइलवर पाठवते. काल तिने समासाचे दहा प्रश्न सोडवले. आठ बरोबर आले.