यंत्र त्यांचं, काम बाईचं

गणपती आठ दिवसांवर आले की आमच्या अष्टमीतल्या बायकांच्या बोलण्यात दोनच विषय असतात. मुंबई-ठाण्याहून माणसं किती येणार, आणि पाण्याचं काय. माणसं किती येणार हे बायकांना विचारून ठरत नाही. पाणी मात्र त्यांनीच बघायचं.

पाणी बघायचं म्हणजे काय, ते एकदा लिहूनच काढते, कारण घरातल्या पुरुषांना ते काम म्हणून कधी दिसलेलंच नाही. दिवस पावसाचे. कुंडलिका तांबडी झालेली, नळाला गढूळ पाणी. आधी गच्चीवरची टाकी रिकामी करायची, आतला बुळबुळीत थर घासायचा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन ते पाणी सोडून द्यायचं. साधा स्टीलचा फिल्टर असेल तर कँडल काढून वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासायची, साबण न लावता, मग उकळायची. तडा गेला असेल तर नवी आणायची. विजेचं यंत्र असेल तर त्याच्या बाहेरचा पांढरा फिल्टर जुन्या चहाच्या गाळणीसारखा तपकिरी झालेला असतो. तो बदलायचा आणि नव्यातून आलेलं पहिलं पाणी ओतून द्यायचं. यंत्राच्या पोटातली टाकी सात-आठ लिटरची आणि घरात पंधरा माणसं, म्हणजे संध्याकाळच्या आरतीपर्यंत ती कोरडी. वीज गेली की यंत्रही गेलं, मग गॅसवर पातेली चढवा. हे सगळं मोदकाची पिठी, पितळेची भांडी आणि पावसात न वाळणारी अंथरुणं सांभाळून.

आमच्या घरातलं यंत्र नवऱ्याच्या नावावर आहे. कार्डावर सही त्याची, सर्व्हिसची आठवण करून देणारा फोनही त्यालाच येतो. पण मेकॅनिक येतो भर दुपारी, आणि त्या वेळी घरात एखादी बाई असणारच हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. मी दार उघडलं की तो विचारतो, "साहेब नाहीत का?" विकत घेताना ते यंत्र असतं, म्हणून तो पुरुषांचा विषय. धुवायची वेळ आली की त्याचं भांडं होतं.

2024 च्या गणपतीत तीन आठवडे "आज येतो, उद्या येतो" करून मेकॅनिक आलाच नाही. मी पाणी उकळून भागवलं. गौरीजेवणाच्या दिवशी धाकट्या नणंदेच्या मुलाचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. नणंद स्वयंपाकघरात येऊन एवढंच म्हणाली, "वहिनी, फिल्टर साफ करायचा राहिला होता का हो?" आणि मी, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, गावोगाव बायकांना आरोग्याचे हक्क सांगत फिरणारी मी, मान खाली घालून म्हणाले, "हो, राहून गेलं."

रात्री भांडी आवरताना लक्षात आलं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ दिसायला लागण झाल्यापासून किमान दोन आठवडे लागतात, बहुतेकदा महिना. ती मंडळी आमच्याकडे येऊन पाच दिवस झाले होते. शिबिरात मी हे स्वतः शिकवते! तरी दोष माझ्याकडे आला आणि मी तो मुकाट्याने पदरात घेतला. नणंदेवर माझा राग नाही. पाहुणे तिच्या घरी आले असते तर हाच प्रश्न तिला कुणीतरी विचारला असता. पण त्याच दिवशी बाहेरच्या खोलीत पत्ते खेळत बसलेल्या चार पुरुषांपैकी कुणाला तो का विचारला गेला नाही?

आमच्याच गटातली एक मैत्रीण म्हणाली, "अत्याचाराच्या एवढ्या केसेस पडल्यात आणि तू फिल्टरवर काय लिहितेस?" तिला माझं उत्तर असं की, सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी 289 मिनिटं निघाली आणि पुरुषांची 88. हा फरक अशाच किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या कामांनी भरलेला आहे.

आणि हे काम मुळात आपल्या ओट्यावर आलं कुठून? नळाला येणारं पाणी पिण्याजोगं असणं ही नगरपालिकेची जबाबदारी. क्लोरीन घातलेल्या पाण्यात ते नळापर्यंत पोचताना लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानकच सांगतं. शेजारी धाटावची रासायनिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव होतं. नदी राखायची कारखान्यांनी आणि मंडळाने, तर त्याऐवजी घराघरात एकेक यंत्र विकलं गेलं. जाहिरातीत काळजी करणारी आईच असते, बाप दिसलाच तर ग्लास तोंडाला लावलेला.

त्यातही आर.ओ. म्हणजे वरताण. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलं होतं की जिथे पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आर.ओ. वापरू देऊ नये. पावसाच्या पाण्यावर वाहणाऱ्या कोकणातल्या नद्यांचं पाणी मुळात मऊ. तरी यंत्रं विकली जातात, आणि त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायची युक्तीही बायकांनीच काढायची. कारखान्याचं सांडपाणी अडवायचा उपाय माझ्या ओट्यावर टांगता येत नाही.

सरकारी योजनांची नजरही वेगळी नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. शिकाव्यातच, मी स्वतः त्यांच्यासोबत बसते. पण पाचही बायकाच का? तपासणीत पाणी खराब निघालं तर पंप बंद करायचा अधिकार त्यांना आहे का? आणि या कामाचे पैसे कोण देणार?

1972 साली महागाईविरोधात लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्यांच्यातल्या मृणाल गोऱ्यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. पाण्याचं भांडण त्यांनी महापालिकेच्या दारात नेलं होतं. आपण ते परत ओट्यावर आणून ठेवलं आहे.

आमच्या गटाने यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. गणपतीआधी नगरपालिकेत जाऊन मागायचं की रोजच्या क्लोरीन तपासणीचा आकडा वॉर्डावॉर्डात फळ्यावर लिहा. आणि प्रत्येकीने आपल्या घरात टाकी धुण्याचं, कँडल घासण्याचं, मेकॅनिकची वाट बघण्याचं काम एका पुरुषाच्या नावावर लिहून तो कागद फ्रिजवर लावायचा. माझ्या घरचा कागद लागला आहे. मेकॅनिकच्या दिवशी नवरा अर्धी रजा टाकणार आहे. ठाण्याच्या दिरांना फोन करून सांगितलं, "भावोजी, यंदा एक दिवस आधी सकाळच्या गाडीने या, टाकी धुवायची आहे." ते "बघतो" म्हणाले आहेत. त्यांच्या नावापुढची जागा मी मोकळीच ठेवली आहे.