आधी आई दाखवा

अवसरी बुद्रुक गावच्या मळ्यात कुत्रं हौसेचं नसतं, राखणीचं असतं. उसात दबा धरलेल्या बिबट्याला तीच सोपी शिकार. मग पुन्हा नव्या पिल्लाचा शोध. शहरात हीच मागणी हौसेची. दोन्हींवर पैदाशीचा धंदा चालतो.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि ८ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. पण खोक्यात कुईकुई करणारं, अजून दूध न सुटलेलं पिल्लू उचलताना नोंदणीचा दाखला मागतो कोण?

म्हैस घेताना आपण दात मोजतो, कास चाचपतो, वेत विचारतो. पिल्लू घेताना निदान ‘आधी आई दाखवा’ एवढं तरी म्हणू. कायद्याची अंमलबजावणी तिथूनच सुरू होईल.

– संपादक